काळ्या मातीतली बैलजोडी: जुवाच्या मापापासून गोठ्यातल्या मातीपर्यंत

इंदूरच्या भोवती सांवेर, देपालपूर, हातोद, महू या पट्ट्यातली जमीन काळी आणि चिकण आहे. वैशाखात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि आषाढात तीच माती पायाला धरून बसते. या दोन टोकांच्या मध्ये काम करायला मिळणारे दिवस मोजकेच असतात. इंदूरच्या ज्या मराठी घरांनी आपली शेती अजून बटाईने दिलेली नाही आणि सोयाबीन-गव्हाच्या फेऱ्यात थकलेल्या जमिनीचा कस परत आणायचे मनावर घेतले आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. बैलजोडी म्हणजे स्वस्तातला ट्रॅक्टर नव्हे. ट्रॅक्टरची सगळी कामे तिच्याकडून करून घ्यायला गेलात तर जोडी थकते, कामे मागे पडतात आणि दोन वर्षांत जोडी विकली जाते. जोडी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती दोन ठिकाणी: पिकाच्या ओळींमधल्या उथळ, वेळेवरच्या मशागतीत आणि शेण-मूत जमिनीला परत देण्यात. मळणी, लांबची वाहतूक, भुसा गोळा करणे ही कामे खुशाल यंत्राला द्यावीत. आणि घरी जोडी आहे म्हणून दरवर्षी खोल नांगरट करायची, हेही चूकच. नांगर बैलाने ओढला काय किंवा ट्रॅक्टरने ओढला काय, माती उलथली की तिच्यातला सेंद्रिय भाग उन्हात जळतोच.

बैलाने जमीन दबते का?

दबते. चारशे किलोच्या बैलाचे वजन चार खुरांवर येते, त्यामुळे खुराखालचा दाब ट्रॅक्टरच्या टायरपेक्षा कमी असतोच असे नाही. फरक खोलीचा आहे. दाब किती खोल उतरणार हे एकूण वजनावर ठरते. जोडी आठशे किलोची, तर ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अवजाराशिवायच दोन टनांच्या आसपास. खुराने दबलेला थर वरच्या काही इंचांत राहतो आणि पुढच्या वखराच्या, म्हणजे माती उथळ कापणाऱ्या पात्याच्या औताच्या, पाळीत फुटतो. ट्रॅक्टरने दाबलेला थर नांगराच्या तळाखाली वर्षानुवर्षे बसून राहतो आणि सोयाबीनचे सोटमूळ तिथेच वाकडे होते.

मात्र हा फायदा वाफशावरच, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि कोरडीही नाही अशा वेळीच, मिळतो. ओल्या रानात खूर खड्डे पाडतो, त्या खड्ड्यांच्या कडा उन्हाने विटेसारख्या होतात आणि मग मुळे कुजतात. वाफसा पाहण्याची रीत सोपी आहे. चार बोटे खोलीवरची मूठभर माती घ्या, लाडूसारखी दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडून द्या. लाडू फुटला तर औत जुंपा. चपटा होऊन पडला, किंवा तळहातावर काळा लेप राहिला, तर घरी जा. पावसानंतर ट्रॅक्टर रुतेल अशा दिवशीही जोडी चालून जाते, म्हणून तिला न्यायचा मोह होतो. तो आवरावा.

जोडी पारखताना

माळव्याच्या चिकण मातीसाठी माळवी बैल उत्तम. पांढरा-करडा रंग, मान आणि खांद्यावर गडद छटा, भक्कम पाय. आगर, शाजापूर, राजगढ, उज्जैन हा त्याचा मुलूख. तांबडा, पांढऱ्या ठिपक्यांचा निमाडी बैल खरगोन-बडवानीकडचा. तोही चपळ आणि काटक असतो.

दात बघून वय ठरवावे. दुधाचे दात म्हणजे आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि पाचेक वर्षांचा झाला की जुळलेला. घ्यायची ती चार किंवा सहा दाती जोडी. दोघांची उंची जवळजवळ सारखी हवी. खांद्याच्या उंचीत चार बोटांहून जास्त फरक असेल तर बुटक्या बैलावर जू कायम कलते आणि खांदा त्याचाच जातो. रंगाची जोड जमवण्यापेक्षा चालीची जोड जमवा. बाजारात नुसते फिरवून बघू नका, तासभर औताला जुंपून बघा. एक पुढे आणि एक मागे राहत असेल, तर पुढे सगळे काम एकट्याच्याच अंगावर पडणार हे समजून घ्या.

शेत पाच-सात एकरांचे असेल तर एक जोडी पुरते. त्याहून कमी असेल तर शेजाऱ्याशी सावड करावी: एक बैल त्यांचा, एक आपला, किंवा जोडी एकाची आणि वैरण दुसऱ्याची. वर्षाला साठ-सत्तर दिवसच काम असेल तर ती जोडी एकट्याने पोसणे परवडत नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

जू: सगळ्यांत दुर्लक्षिलेले अवजार

नांगर-वखराचे आणि डोऱ्याचे जू एकच वापरण्याची चूक जवळजवळ सगळीकडे दिसते. ओळींमधले तण काढणाऱ्या ज्या औताला महाराष्ट्रात डवरा किंवा कोळपे म्हणतात तो माळव्यात डोरा. ओळींमध्ये डोरा चालवायचा तर बैलांनीही ओळींच्या मधूनच चालले पाहिजे, म्हणजे दोन बैलांमधले अंतर ओळींच्या अंतराच्या पटीत हवे.

सोयाबीनच्या ओळी ४५ सेंटिमीटरवर आहेत असे धरू. दोन बैलांच्या मानांमध्ये, मध्यापासून मध्यापर्यंत, ९० सेंटिमीटर ठेवले तर बैल पहिल्या आणि तिसऱ्या पट्ट्यात चालतात आणि मधल्या पट्ट्यात एक डोरा. अंतर १३५ सेंटिमीटर केले तर बैल पहिल्या आणि चौथ्या पट्ट्यात, मध्ये दोन डोरे. पुढच्या फेरीला दोन पट्टे सरकायचे. बैल तुडवून गेलेला पट्टा त्या फेरीत डोऱ्याखाली येतो. जू १२० सेंटिमीटरचे असेल तर एक बैल रोज कुणाच्या तरी ओळीवरून चालणार आणि दोष बैलाला मिळणार. म्हणून पेरणीची तिफण आणि डोऱ्याचे जू एकाच मापपट्टीने मोजून घ्यावे. तिफणीच्या दोन फणांमधले अंतर ठरले की जू ठरले.

लाकूड हलके आणि चिवट घ्यावे. मानेवर टेकणारा भाग गोल, गुळगुळीत आणि तळहाताएवढा रुंद हवा. अरुंद जू म्हणजे खांद्यावर दोरीच. दोन बाजूंच्या शिवळा, म्हणजे जुवाच्या उभ्या खुंट्या, मानेपासून दोन बोटे दूर राहाव्यात. जोते, म्हणजे गळ्याखालचा पट्टा, इतकेच सैल हवे की त्यात आपली चार बोटे सहज फिरतील. घट्ट झाले तर ओढताना श्वासनलिका दाबली जाते.

खोली कमी-जास्त करायची ती दाबून नव्हे. दांडीवर जू पुढे सरकवले की वखर खोल जातो, मागे घेतले की उथळ. कामगार रुमण्यावर, म्हणजे औताच्या मुठीवर, अंगाचा भार टाकून खोली राखत असेल, तर जू चुकीच्या खाचेत आहे आणि बैल उगाच ओढतो आहे.

पेरणी आणि डोरा

उन्हाळ्यात जमीन तापल्यावर आणि पहिल्या पावसाचा वाफसा आल्यावर वखराच्या दोन पाळ्या पुरतात. पास, म्हणजे वखराचे आडवे पाते, ४५ ते ६० सेंटिमीटरची, खोली दोन इंच. पास बोथट असेल तर ती तण कापत नाही, नुसती माती ढकलते. रोज सकाळी जुंपण्याआधी कानशीने धार लावा आणि पास धरून ठेवणारी जानवळी ढिली झाली आहेत का हे हलवून पाहा. एक जानवळे सैल असले की पास तिरपी होते, वखर एका अंगाला ओढतो आणि त्या बाजूचा बैल दुपारपर्यंत थकतो.

सोयाबीन पेरायचे ते साधारण १०० मिलिमीटर पाऊस जिरल्यावर. एकरी ३० किलो बी, उगवण निदान ७० टक्के, खोली ३ ते ४ सेंटिमीटर. तिफणीने पेरताना बी सोडायच्या चाड्यावर बसणारा हात सगळ्यांत महत्त्वाचा. मूठ एकसारखी सुटली नाही तर एका ओळीत गर्दी आणि दुसरीत खांडण्या पडतात. बी उतरणाऱ्या नळ्यांत ओली माती अडकते, म्हणून प्रत्येक ओळीच्या टोकाला वळताना नळे ठोकून मोकळे करावेत. पाणी साचणाऱ्या रानात तिफणीच्या दर दोन-तीन फेऱ्यांनंतर एक सरी मोकळी सोडा. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी दीड मीटरच्या रुंद वाफा-सरी पद्धतीचे प्रयोग बैलांनी ओढायच्या चाकाच्या अवजारावरच केले होते: एक मीटर वाफा, अर्धा मीटर सरी.

पहिला डोरा पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, दुसरा ३० ते ३५ दिवसांनी. तण दोन पानांचे असताना पास त्याच्या मुळाखालून गेली की ते दुपारच्या उन्हात मरते. सहा पानांचे झाले की कापलेले तणही रात्रीच्या पावसात पुन्हा उभे राहते. आमचे स्पष्ट मत आहे की तणनाशकाचा खर्च वाचवणारी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे पहिल्या डोऱ्याची तारीख. ४५ सेंटिमीटरच्या ओळींना पास ३० सेंटिमीटरची घ्या, म्हणजे दोन्ही अंगांना साडेसात सेंटिमीटर मोकळे राहतात. ओळी ३५ वर असतील तर पास २० ची. ओळीतले तण खुरप्यानेच निघणार, त्याला दुसरा इलाज नाही. फुले दिसू लागली की डोरा बंद. तेव्हा वरची तंतुमुळे तुटतात आणि फुले गळतात.

डोऱ्याला जुंपण्यापूर्वी दोन्ही बैलांना मुसकी बांधावी. काथ्याची विणलेली आणि मोठ्या जाळीची बरी, कारण बैलाला जीभ बाहेर काढता आली पाहिजे आणि श्वास घेता आला पाहिजे. नायलॉनची बारीक जाळी घामाने चिकटते. मुसकी नसली तर दोन्ही माना पिकात जातात, डोरा वाकडा होतो आणि सगळी ओळ उपटून येते.

किती काम, किती विसावा

बैलाने दिवसभर ओढायचा भार त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावा. आठशे किलोच्या जोडीला ८० किलो, थोडा वेळ १०० पर्यंत. साखळीने ओढायच्या अवजारात साखळी आणि दांडी यांच्यामध्ये तीनशे किलोचा लटकता डिजिटल काटा अडकवून दहा पावले चाला, आकडा समोर येतो. १०० च्या वर जात असेल तर खोली किंवा पासेची रुंदी कमी करा.

जोडीचा वेग ताशी सव्वादोन-अडीच किलोमीटर. ४५ सेंटिमीटरवर एक डोरा, वळणे आणि थांबे धरून, पाच तासांत एक एकर होतो. दोन डोऱ्यांनी पावणेदोन ते दोन एकर. याहून जास्त निघत असेल तर काम वरवर होते आहे.

ओझ्याच्या जनावरांबाबतचे १९६५ चे नियम दिवसाला नऊ तास आणि सलग पाच तास ही कमाल मर्यादा घालतात. पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ काम बंद. टोकाला आर, म्हणजे टोकदार खिळा, लावलेली हाकायची पराणीही याच नियमांनी वर्ज्य आहे. आमच्या मते डोऱ्याच्या दिवसांत पहाटे साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी दीड-दोन तास हेच खरे वेळापत्रक. विसाव्यात बैलाचा श्वास मिनिटाला वीसच्या आसपास असतो. तोंड उघडे, जीभ बाहेर आणि श्वास मोजता येणार नाही इतका जलद झाला, की जू उतरवून सावलीत न्यावे आणि अंगावर पाणी मारावे.

गाडीला जुंपताना भार आसाच्या थोडा पुढे ठेवा. पुढे जास्त झाला की गाडी धुरजड होऊन मान दाबते. मागे झाला की ती उलाळ होते आणि जोते गळ्याला वर खेचते.

खांदा

रोज संध्याकाळी जू उतरल्यावर खांदा ओल्या फडक्याने पुसावा आणि कोरडा झाल्यावर तळहात हळूहळू फिरवावा. तीन गोष्टी शोधायच्या: ऊब, फुगवटा, आणि बैलाचे कातडे थरथरणे. तळहाताखाली एक जागा बाकीच्यांपेक्षा गरम लागली तर तीच खांदेसुजेची सुरुवात. केस विरळ झालेली, गुलाबी चकाकी आलेली जागा म्हणजे दुसरी पायरी.

खांदेसूज होते ती ओल्या जुवाने, असमान उंचीने, नव्या जुवाच्या कडेने, किंवा पावसाळ्याआधी दोन महिने बसून असलेल्या जोडीला एकदम पूर्ण दिवस जुंपल्याने. शेवटचे कारण सगळ्यांत जास्त दिसते. म्हणून ज्येष्ठात पंधरा दिवस आधीपासून रोज तास-दीड तास हलकी गाडी ओढायला लावून खांदा घट्ट करून घ्यावा. सूज आलीच तर पहिल्या दिवशी थंड पाण्याच्या घड्या, दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट घालून शेक, आणि ऊब पूर्ण जाईपर्यंत जू बंद. आत पाणी किंवा पू झाल्यासारखे लागले तर पशुवैद्यकाकडेच न्यावे. घरी दाभणाने फोडलेली गाठ पुढे कायमची कठीण होते आणि बैल जू दिसताच मान वळवू लागतो. वेदनाशामक लिहून देत असतील तर मेलॉक्सिकॅम मागावे. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक २००६ पासून बंद आहे, कारण त्या औषधाचा अंश असलेली मढी खाऊन गिधाडे मेली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपाने खांदे शेकायची आपली रीत डोरा संपण्याच्याच सुमारास येते. हंगामभराची खांद्याची तपासणी त्या दिवशी नीट उजेडात करावी.

वैरण

एका बैलाला रोज कोरडा चारा ६ किलो, हिरवा १५ ते २० किलो, कामाच्या दिवशी दीड ते दोन किलो पेंड-भरडा, ५० ग्रॅम खनिज मिश्रण, ३० ग्रॅम मीठ. पाणी ४० लिटर, उन्हाळ्यात ६० पर्यंत. जोडीला वर्षाला सव्वाचार-साडेचार टन कोरडा चारा लागतो. तीनेक एकरांच्या गव्हाच्या भुशात तो निघतो, म्हणजे नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली गव्हाची धसकटे, पेटवण्याऐवजी हार्वेस्टरमागे भुसा काढणारे यंत्र फिरवले की वैरणीचा प्रश्न जवळपास सुटतो. सोयाबीनचा भुसा थोडा मिसळावा, एकटा देऊ नये.

शेण, मूत आणि इंदूरचीच रीत

कंपोस्टची जगभर गेलेली ‘इंदूर पद्धत’ इथलीच. आज कृषी महाविद्यालय आहे त्या आवारातल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या वर्षांत ती बसवली. त्या पद्धतीचा जीव होता कामाच्या बैलांचा गोठा.

बहुतेक गोठ्यांत शेण जपतात आणि मूत वाहू देतात, आणि नत्र तर मुतातच जास्त. जोडी दिवसाला १२-१४ लिटर मुतते. वर्षाचे नत्र धरले तर ४५ किलोच्या सुमारे दोन गोण्या युरियाइतके होते. सिमेंटच्या फरशीवरून ते गटारात जाते. त्यासाठी गोठ्याची जमीन मातीचीच ठेवा. बैलांखालची सहा इंच माती दर तीन-चार महिन्यांनी खणून काढा आणि तिथे शेतातली कोरडी माती भरून धोपटा. काढलेली माती पावसापासून झाकून ठेवा, हेच ढिगाचे विरजण.

ढीग लावताना आकारमानाने तीन भाग काडीकचरा आणि एक भाग शेण घ्यावे. तुरीची, कपाशीची जाड काडी तशीच घातली तर वर्षभर कुजत नाही. इंदूरला तेव्हा ती गाडीवाटेवर पसरून चाकांखाली आणि खुरांखाली चिरडून घेत, आजही तसेच करावे. तीन इंच काडीकचऱ्याचा थर, त्यावर मूतमाती आणि लाकडाची राख भुरभुरवा, वर शेणकाला शिंपडा. असे थर तीन फुटांपर्यंत. मग पहारीने चार-चार फुटांवर उभी भोके पाडा, म्हणजे आत हवा खेळते. पावसाळ्यात खड्डा नको, जमिनीवरच ढीग लावा. पहिली पालटी दोन-तीन आठवड्यांनी, दुसरी पाचव्या आठवड्याच्या सुमारास, तीन महिन्यांत खत तयार.

उग्र वास आणि माश्या आल्या तर ढीग फार ओला आहे आणि आत हवा नाही. त्याच दिवशी पालटा. आत पांढरट, कोरडी बुरशी दिसली तर पाणी कमी पडले आहे. एका जोडीचे खत दरसाल दोनेक एकरांना नीट पुरते, म्हणून सगळ्या शेतावर चिमूट-चिमूट न फेकता दरवर्षी रान बदलत द्यावे.

जंताचे औषध आयव्हरमेक्टिन दिल्यावर ते शेणातून बाहेर पडते आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारते. तेच किडे शेण मातीत गाडतात. म्हणून ते ठरावीक महिन्याला सवयीने न देता शेणाच्या तपासणीत जंत दिसले तरच द्यावे. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि लंपी यांच्या लसी मात्र वेळच्या वेळी टोचून घ्याव्यात, घटसर्प-फऱ्या पावसाळ्यापूर्वी.

गोऱ्हा तयार करताना

वेसण दीड वर्षाच्या सुमारास घालावी, जू अडीच-तीन वर्षांनंतर. पहिला आठवडा नुसते हलके जू मानेवर ठेवून फिरवावे. दुसऱ्या आठवड्यात जुन्या, शांत बैलाच्या जोडीला लावावे आणि मागे हलके लाकूड ओढू द्यावे. निघण्याचा, थांबण्याचा आणि दोन्हीकडे वळण्याचा शब्द घरातल्या सगळ्यांनी एकच ठेवावा. मालकाचा एक आणि गड्याचा दुसरा झाला की गोऱ्हा कुणाचेच ऐकत नाही. पहिल्या हंगामात दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नाही आणि डोऱ्याला तर नाहीच, आधी वखरालाच जुंपावे. म्हातारा बैल या दिवसांत गोऱ्ह्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून लावावा, म्हणजे पुढे जोडीदार बदलला तरी गोऱ्हा अडत नाही.